इंद्रायणीची कणी

नाशिकरोडला राहणाऱ्या बहुतेक लोकांना कॅथोलिक चर्च वर्षातून दोनदा दिसतं. एकदा नाताळात, मुलांना घेऊन गोठा बघायला येतात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी, नेहरूनगरच्या बाळ येशूच्या यात्रेला. त्या दोन दिवसांत पुणे रोडला गाडी काढायचं धाडस कुणी करत नाही. मुंबई, वसई, गोवा, गुजरात, कुठून कुठून बसगाड्या येतात. रांगेत मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या बायकांमध्ये कुंकू लावलेल्याच जास्त. नवस फेडायला आलेल्या माणसाला इथे कुणी धर्म विचारत नाही, आणि तोही कुणाला सांगत बसत नाही.

ही भक्ती मूळची प्रागची. १६२८ मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने बाळ येशूची छोटी मूर्ती तिथल्या कार्मेल मठाला दिली. पुढे युद्धाच्या धामधुमीत मठ लुटला गेला आणि मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडून राहिली. काही वर्षांनी ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. राजाचा अंगरखा आणि मुकुट घातलेलं हे बाळ आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला ते हात तुटलेलं, धुळीतलं बाळच जास्त जवळचं वाटतं. असो. यात्रेला आमच्याकडचे झाडून सगळे स्वयंसेवक असतात. कुणी पाण्याच्या टाकीपाशी, कुणी रांगेच्या दोरीपाशी, कुणी हरवलेल्या मुलांच्या टेबलावर. माझ्या नवऱ्याकडे कायम पार्किंग. दोन दिवस शिट्टी फुंकून त्याचा घसा बसतो आणि पुढचा आठवडा घरात शांतता असते.

उरलेलं वर्ष चर्चच्या मागच्या खोलीत जातं. तिथे लोखंडी कपाट आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, सणाच्या मंडपातून उरलेलं काहीबाही आहे आणि एक लांब टेबल आहे. त्या टेबलाभोवती रविवारी मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की आमची गरिबांना मदत करणारी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी बसते.

टेबलाभोवती कोण बसतं हे सांगायचं तर नाशिकरोडच्या नोकऱ्यांचा इतिहास सांगावा लागेल. रेल्वेने गोव्याची आणि मंगळूरची माणसं आणली. १९२०च्या दशकात सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस आले, मग एकलहऱ्याचं थर्मल वीजकेंद्र; देवळालीचं लष्कर तर आधीपासूनच होतं. त्यांच्या मागे केरळ आणि तमिळनाडूहून कुटुंबं आली. आणि आम्ही नगरवाले. श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेझुइट संघाचे जर्मन फादर तिकडच्या गावांत हिंडले, त्यांच्या मागे शाळा आल्या, मास्तर आले, आणि आमचे पणजे-खापरपणजे ख्रिस्ती झाले. दुष्काळ आणि कामधंदा यांनी त्यांच्या नातवंडांना नाशिकला ढकललं. नाशिकचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा विभाग, झाला तो १९८७ मध्ये. तोवर आम्ही पुण्याच्या धर्मप्रांतात होतो. पहिले बिशप थॉमस भालेराव. आमच्या वडिलांना या नावाचं कोण कौतुक! बिशपांचं आडनाव भालेराव आहे, हे ते प्रेसमधल्या प्रत्येकाला एकदा तरी सांगून आले होते.

त्यामुळे आमच्याकडे एकाच टेबलावर अंकल-आंटी असतात आणि मामा-मावशीही असतात. इंग्रजी मिस्सेची माणसं अंकल-आंटी, मराठी मिस्सेची मामा-मावशी. हा भेद कुणी ठरवलेला नाही, पण तो आहे. सणाच्या मिस्सेला कुठला गायनवृंद गाणार यावरून दर वर्षी थोडं गरम होतं. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं, असं आमच्या इथले एक मामा म्हणतात. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या आणि त्यांच्याबरोबर ही भांडणंही आली. मला विचाराल तर ती हवीत. ज्या घरात कुणीच कुणाशी भांडत नाही तिथे बहुधा कुणी कुणाशी बोलतही नसतं.

सोसायटीचं मूळ पॅरिसमधलं. फ्रेडरिक ओझानाम हा कायदा शिकणारा पोरगा. कॉलेजातल्या मित्रांबरोबर त्याचं वादमंडळ होतं. तिथे एकाने त्याला टोमणा मारला की, तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल पुष्कळ, आज तुम्ही काय करता ते सांगा. बोलणं झोंबलं. त्याने आणि एका मित्राने हिवाळ्यासाठी आणलेलं आपल्याकडचं उरलंसुरलं जळण उचललं आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिलं. २३ एप्रिल १८३३ ला सोसायटीची पहिली बैठक झाली. त्या दिवशी ओझानामला विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. पॅरिसमध्ये आदल्याच वर्षी कॉलराची साथ येऊन गेली होती. या शहरी पोरांना गरिबाच्या घरात कसं शिरायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. ते रोझाली रेंदू नावाच्या एका सिस्टरने शिकवलं. वस्तीतल्या कुटुंबांची यादी तिने दिली, पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्याही तिनेच दिल्या.

ओझानाम चाळिशीतच गेला, पण त्याच्या वेळच्या काही रीती अजून चालू आहेत. घरभेटीला एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. घरात जाऊन बसायचं, दारातून पिशवी देऊन परतायचं नाही. आणि बैठकीच्या शेवटी गुप्त थैली फिरते. जाड कापडाची, तोंडाला नाडी असलेली. प्रत्येकाने मूठ बंद ठेवून हात आत घालायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी रिकामी मूठ उघडली, कुणाला कळत नाही. आमचे खजिनदार अंकल नोट प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या पाहिलेला हा माणूस आता थैलीतल्या चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा मांडीवर सपाट करून मोजतो. नोट उलटी लागली तर सुलटी करतो. ती सवय काही गेली नाही.

आता तांदळाचं.

आमच्या यादीत एक आजी आहेत. जेल रोडच्या बाजूला एका जुन्या चाळीत, जिन्याखालच्या खोलीत राहतात. माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत. नवरा लवकर गेला, मुलगा असून नसल्यासारखा. बरीच वर्षं लोकांची धुणीभांडी केली. त्याचा परिणाम असा की बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्यात. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लागत नाही. दुकानदार भला आहे, दहा वेळा पुसून पुसून लावतो, कधी लागतो, कधी नाही. माणशी पाच किलो धान्य कायद्याने मिळतं, मोफत मिळतं, पण ते त्या अंगठ्याच्या पलीकडे असतं. म्हणून महिन्याची पिशवी आम्ही देतो.

एका वर्षी कुणी दात्याने चांगला लांब दाण्याचा तांदूळ पाठवला. पोती बघून सगळे खूश. गरिबांना नेहमी जाडाभरडा जातो, यंदा चांगला जाईल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पुढच्या महिन्यात मी आणि आमच्यातली एक आंटी भेटीला गेलो. आजींनी चहा ठेवला. स्टोव्हशेजारी ती पिशवी होती, जवळपास तशीच. आजींनी तिच्यात हात घातला, मूठभर तांदूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “हा तू खा.”

मी बघत राहिले.

“अगं, हा बिर्याणीचा आहे. फडफडीत होतो. माझ्या तोंडात एक दात नाही. मी याला किती शिजवू, रॉकेल काय तुझे फादर देणार? मला इंद्रायणी आण. मऊ होते, वास येतो. अन् अख्खी नको, कणी आण. स्वस्त पडेल तुम्हाला.”

इगतपुरी-घोटीकडच्या बाईला तांदूळ शिकवायला आम्ही निघालो होतो. तिकडे घरोघरी भात पिकतो. नुसत्या वासावरून जात सांगणारी माणसं आहेत ती.

बैठकीत हे सांगितल्यावर एक-दोघांचे चेहरे पडले. कुणी तरी हळूच म्हणालं, “धर्माची गाय अन् दात का नाय.” आता दात खरोखरच नव्हते, पण ते घेणाऱ्याला नव्हते, त्यामुळे म्हण जरा अडखळली. दुसऱ्या एका मावशींचं म्हणणं वेगळं होतं. आज हिला इंद्रायणी दिली तर उद्या दुसरी म्हणेल मला गहू सिहोरी हवा, मग काय किराणा दुकान काढायचं का? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. चाळीस पिशव्या भरायच्या तर सगळ्यांत एकच माल भरणं सोपं. अंकल गप्प बसून वहीत आकडेमोड करत होते. मग त्यांनी वही फिरवून दाखवली. कणी घेतली तर आहे त्या पैशांत तेल पाव किलोने वाढवता येत होतं.

त्या महिन्यापासून आमच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढला. कुणाला मधुमेह म्हणून साखर नको, कुणाकडे गॅस नाही म्हणून डाळ लवकर शिजणारी हवी. एका घरी साबण नको, सॅनिटरी पॅड हवेत. ते सांगायला त्या पोरीला आणि तिच्या आईला वर्ष लागलं, आणि ऐकून घ्यायला जोडीतलं कुणी तरी बाई असायला हवं हे आम्हाला तेव्हा उमगलं.

सेवेबद्दल प्रवचनात पुष्कळ ऐकायला मिळतं. देणाऱ्याने नम्र असावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, सगळं खरं. पण माझ्या मते कसोटी घेणाऱ्याच्या तोंडावर असते. ज्या घरात पिशवी ठेवल्यावर नुसते हात जोडले जातात, “देव तुमचं भलं करो, ताई,” एवढंच ऐकू येतं, तिथून मी थोडी अस्वस्थ होऊन बाहेर पडते. तिथे अजून आपण परके आहोत. जिथे “मागच्या वेळची चहापत्ती कुठून आणली होती, लाकडाचा भुसा नुसता” असं ऐकवलं जातं, तिथे काही तरी जमलं. आपल्या माणसालाच माणूस बोल लावतो. उपकारकर्त्याला कोण बोल लावील?

यालाही अपवाद आहेतच. काही माणसं कशावरही कुरकुरतात, त्यांना इंद्रायणी द्या की अमृत द्या. आमच्याकडे एक काका आहेत, ते तर फादरांच्या प्रवचनाची लांबी घड्याळ लावून मोजतात आणि आम्हाला सांगतात, जणू आम्हीच कापणार आहोत.

पिशवी हे कामातलं सोपं अंग. खरी दमछाक कागदांची. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. एकवीस हजारांत वर्ष काढणारं कुटुंब शहरात कसं जगतं हे नियम करणाऱ्याने एकदा मागच्या खोलीत येऊन आम्हाला समजावून सांगावं. तरी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून ते करावं लागतं. आमच्यातला एक तरुण मुलगा या कामात इतका तयार झालाय की इतर धर्मांची माणसंही त्याला शोधत चर्चमध्ये येतात.

आणि जातीचा दाखला. याबद्दल आमच्यात मोठ्याने बोललं जात नाही, पण मी लिहिणार आहे. नगरकडून आलेल्या आम्हा बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात धर्मांतरितांना इतर मागासवर्गात धरतात, एवढंच. म्हणजे एकाच गावातल्या, एकाच वाड्यातल्या दोन चुलत भावांच्या नातवंडांपैकी एकाला एक शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला वेगळी. गावकऱ्यांनी मात्र पाणवठ्यावर दोघांत कधी फरक केला नव्हता. जूनमध्ये अकरावीचे, डिप्लोमाचे फॉर्म भरायला मुलं येतात आणि धर्माच्या रकान्यापाशी पेन थांबतं. कुणाच्या कागदावर एक धर्म, रविवारी दुसरा. आम्ही त्या मुलांना काही शिकवत नाही. फीच्या दुसऱ्या हप्त्याचं काय ते बघतो. चर्चमध्येही सगळे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, तरी लग्नं जमवताना कुणाचं मूळ गाव कोणतं, आडनाव काय हे अजून हळूच विचारलं जातंच. सेवा करायला निघालेल्यांना आपल्याच घरातलं हे दिसत नाही असं नाही, पण बैठकीच्या अजेंड्यावर ते कधी येत नाही. गुप्त थैलीत ते मावत नाही बहुधा.

मयताला मात्र सगळा भेद गळून पडतो, हे मी शपथेवर सांगेन. व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की तासाभरात शेजारच्या समूहातल्या, म्हणजे चर्चच्या वस्तीवार गटातल्या, बायका चहाचे थर्मास घेऊन हजर. मराठी घरात मयत झालं तरी तमिळ आंटी जपमाळ सांगायला बसतात. त्यांच्या ‘नमो मारिये’चे उच्चार वेगळे, पण तेव्हा त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मागे पुढे कुणी नसलेल्या एका रिटायर्ड गार्डच्या मातीला इंग्रजी आणि मराठी दोन्ही गायनवृंद आले होते. दोघांनी आपापली गाणी म्हटली, एकमेकांची ऐकली, आणि सणाला पुन्हा आपापल्या जागी भांडायला मोकळे झाले. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या गार्डच्या थडग्यावर कुणी तरी झेंडूचा हार टाकतं. कोण ते आम्ही विचारलेलं नाही.

अलीकडे सोसायटीत नवीन वारं शिरलंय. आयटीत काम करणारी, कामासाठी पुण्याला जाऊन-येऊन असणारी पोरं सामील झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चाळीस पिशव्या भरणं, वाहून नेणं, रविवारची दुपार घालवणं, हे कशाला? सगळ्यांच्या खात्यावर यूपीआयने पैसे टाकू. ज्याला जे हवं ते तो घेईल, तुमचा इंद्रायणीचा प्रश्नही मिटेल. यात न पटण्यासारखं काय होतं? पैसे हातात देणं हाच खरं तर मोठा मान आहे. माणसाला आपलं आपण कळतं यावर ठेवलेला विश्वास आहे तो. मी त्या पोरांच्या बाजूने मत दिलं. मावशी माझ्याशी दोन आठवडे नीट बोलल्या नाहीत.

झालं असं की पैसे जायला लागले, पिशव्या कमी झाल्या, ज्यांना दुकानापर्यंत जाता येत नाही त्यांच्यापुरत्या राहिल्या. पण भेटी बंद करायच्या नाहीत असं अंकलनी लावून धरलं. रिकाम्या हाताने जा, पण जा. पोरांना ते विचित्र वाटलं. द्यायला काही नाही तर जाऊन करायचं काय? “बसायचं,” अंकल म्हणाले. “चहा आला तर प्यायचा.”

त्या पोरांपैकी एकाला मी माझ्या जोडीला घेतलं. सिन्नर फाट्याच्या पुढे एक कुटुंब आहे, पेठ तालुक्यातून द्राक्षबागांच्या छाटणीला आलेलं आणि मग इथेच मजुरीला राहिलेलं. त्यांच्या खात्यावर पैसे याच पोराने टाकलेले. खोलीत खाट एकच, तिच्यावर आम्हाला बसवलं, ते तिघे खाली. पोरगा अवघडून मोबाइल हातात फिरवत राहिला. मी मुलीच्या शाळेचं विचारलं, सासूच्या खोकल्याचं विचारलं. कोरा चहा आला. मग त्याने कसंबसं विचारलं, “पैसे मिळाले ना वेळेवर?”

“मिळाले,” बाई म्हणाल्या. “पण दादा, तुम्ही एवढे शिकलेले, त्या घरमालकाला जरा तुम्हीच सांगा की. तीन महिने झाले, संडासाचं दार नाही. सासूला घेऊन मी रात्री चादर धरून उभी राहते. पैशानं ते दार काय मी लावू?”

पोराने मोबाइल खिशात घातला आणि विचारलं, “मालक राहतात कुठे?”